कावळा का आला नाही

हातबाहुलीला पाय नसतात. काहींना असतात, पण ते नुसते शोभेचे, पडद्याच्या वरच्या फळीवरून पुढे लोंबणारे. ती चालते ती हवेत. ती जमिनीवरून चालते आहे असं समोरच्या दीडशे माणसांना वाटावं म्हणून पडद्यामागे कुणीतरी हात डोक्याच्या वर सरळ, एकाच उंचीवर धरून उभं राहिलेलं असतं. तो हात दमून चार बोटं खाली आला, की बाहुली गुडघाभर चिखलात उतरल्यासारखी दिसते. या कामात त्याला 'बुडणं' म्हणतात. मोठी माणसं भिडेखातर दुर्लक्ष करतात. मुलांना भीडबीड काही नसते. पहिल्या रांगेतलं एखादं पोर खणखणीत आवाजात सांगून टाकतं, की आजोबा खड्ड्यात पडले.

या गोष्टीतल्या बाईंची बाहुली सव्वीस वर्षांत एकदाही बुडाली नव्हती. म्हणून मंडळीत त्यांना खांबबाई म्हणत. सुरुवातीला ही थट्टा होती, पुढे ते नावच झालं, आणि बाईंनाही ते आवडायचं, जरी त्या तसं कधी बोलून दाखवत नसत. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, त्यामुळे उभ्या राहायच्या त्या लाकडी पाटावर. उजव्या हाताचं एक बोट आजोबांच्या डोक्यात, अंगठा एका बाहीत, आणि दुसऱ्या बाहीत डावा हात काठी धरून. आजोबा ही मंडळीतली सगळ्यात जड बाहुली. नुसतं डोकंच अर्धा किलोचं.

ते डोकं कोरलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे मंडळीचे प्रमुख. नाटकंही तेच लिहायचे, आणि खेळ सुरू झाला की वही घेऊन शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. पडद्यामागे फिरकायचे नाहीत. मागे तुम्ही रडा नाहीतर मरा, समोरून दिसतं तेवढंच खरं, असं त्यांचं म्हणणं. कोण बुडालं, कोण उशिरा वर आलं, कुणाची बाहुली छताकडे बघत बोलली, सगळं वहीत उतरायचं आणि खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर वाचलं जायचं. खांबबाईंना त्या वहीची भीती वाटायचं कारणच पडलं नव्हतं.

यंदाचा सहकुटुंब खेळांचा हंगाम अकरा आठवड्यांचा होता. वाचनालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं सभागृह, शनिवार-रविवार, सकाळी अकरा आणि दुपारी चार. म्हणजे एकूण चव्वेचाळीस वेळा आजोबांची झोप हरवायची, आणि चव्वेचाळीस वेळा ते आपल्या शेळीला बरोबर घेऊन ती शोधायला रानात निघायचे. वाटेत एक अस्वल, एक झरा, एक नदी, नदीवर पूल, आणि चार वेळा डोकावून रस्ता सांगणारा एक कावळा. झोप शेवटी सापडते ती त्यांच्याच टोपीत. हे आधी सांगितलं म्हणून काही बिघडत नाही, कारण पहिल्या रांगेला ते दुसऱ्याच मिनिटाला कळलेलं असतं. तरी ती पोरं तासभर जीव मुठीत धरून बसतात. खरं नाटक कोण करतं, हा प्रश्नच आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी केस विंचरताना बाईंचा उजवा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. जोर केला तर खांद्यातून अशी कळ आली की कंगवा हातातून पडला. डॉक्टरांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, म्हणजे जेवढा फिरला तेवढा, आणि काम काय करता म्हणून विचारलं. बाईंनी सांगितल्यावर ते हसले, मग ते हसण्यासारखं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं. खांद्यातला एक स्नायू झिजून फाटायला आला होता. निदान सहा महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, आणि त्यानंतरचंही काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बाईंनी कागदाची घडी पर्समध्ये घातली आणि शनिवारी अकराच्या खेळाला पाटावर उभ्या राहिल्या.

हे फक्त नवऱ्याला माहीत होतं, आणि तेही वेणीमुळे. तो आयुष्यभर टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या कामावर होता. आता निवृत्त झाला होता आणि रोज सकाळी बायकोची वेणी घालत होता. तीन पेड तो असे मोजून समान करायचा की वेणी घालायला वीस मिनिटं लागायची. सोड ते काम, असं त्याने एकदा म्हणून पाहिलं. बाईंनी तोंड फिरवलं, तेव्हा अर्धी वेणी सुटली. परत त्याने तो विषय काढला नाही.

सोडायचं म्हणजे काय, हे बाईंनी पाहिलं होतं. आजोबा त्यांच्याआधी ज्या बाईंकडे होते, त्यांचं मनगट गेलं तेव्हा मास्तरांनी त्यांना मोठ्या मानाने तिकीटखिडकीत बसवलं. मानाने म्हणजे फुलांचा गुच्छ देऊन. त्या अजून तिथेच होत्या. खेळाची घंटा झाली की खिडकी लावायच्या आणि घरी जायच्या. सव्वीस वर्षांत त्या एकदाही आत येऊन बसल्या नव्हत्या. येऊन तरी काय बघणार होत्या, असं बाईंना वाटायचं. बाईंना आजोबा सोडायचे नव्हते. निदान हा हंगाम तरी. पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामात बघू, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या, आणि गोळ्या घेत राहिल्या.

पडद्यामागे बाईंच्या उजव्या अंगाला उभी राहायची हॅलो. ही तिशीतली मुलगी. आधी एका कंपनीत फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची नोकरी करत होती, म्हणून हे नाव. ती पक्की नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी बाहुल्यांत आली होती, आणि आईवडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्या उजव्या हातात शेळी आणि डाव्यात कावळा. अस्वल आणि उरलेलं सगळं रान पलीकडच्या एका उंच, अबोल गड्याकडे. बाईंना हॅलो फारशी आवडायची नाही. बोलायची फार, शेंगदाणे खायची आणि टरफलं पाटाखाली सरकवायची. हात बर्फासारखे गार.

ते हात गार असतात हे बाईंना कळलं पाचव्या आठवड्यात, पुलाच्या प्रवेशात. पुलाचा प्रवेश नऊ मिनिटांचा. त्यात आजोबांना खाली जायला जागाच नाही, पूल पार होईपर्यंत वर राहायचं. पाचव्या मिनिटाला बाईंचा हात थरथरायला लागला. त्यांनी दात आवळले, श्वास रोखला, पाटावर टाचा उंच केल्या. सगळं करून झालं आणि हात तरीही निघाला खाली. आता वही, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात कोपराखाली काहीतरी गार लागलं आणि हात थांबला. हॅलोने आपला डावा तळवा बाईंच्या कोपराला खालून लावला होता. तिचा चेहरा वर होता, शेळी नेहमीसारखी बडबडत होती, आणि डावा हात बाईंचा भार घेऊन उभा होता.

आजोबा पुलावरून ताठ मानेने पलीकडे गेले. फक्त पुलावर डोकावायचा तो कावळा काही आला नाही. "कावळा म्हणतो डावीकडे," असं शेळीनेच सांगून वेळ मारून नेली.

खेळ संपल्यावर मास्तरांनी वही उघडली. "कावळा का आला नाही?"

"विसरले," हॅलो म्हणाली.

बाई आजोबांच्या टोपीवरची धूळ झटकत होत्या. त्या झटकतच राहिल्या.

चारच्या खेळाला तेच झालं. दुसऱ्या दिवशी दोन्ही खेळांना तेच. पुलाचा प्रवेश आला की गार हात कोपराखाली यायचा, आणि कावळा पिशवीतच राहायचा. पुढच्या आठवड्यात झऱ्याच्या प्रवेशातही तो हात लागला आणि कावळ्याच्या चारातल्या दोन खेपा बुडाल्या. मास्तर आधी रागावले, मग उपरोधाने बोलले, मग त्यांनी घरी काही अडचण आहे का म्हणून विचारलं. हॅलो प्रत्येक वेळी एकच शब्द सांगायची. एरवी तोंडाला कुलूप नसलेली ही पोरगी तेवढ्या दोन मिनिटांत मिठाची गुळणी धरून बसायची, आणि बाई तिच्या शेजारी बसून आपल्या चपलांकडे बघायच्या.

एकदा पडद्याची घडी घालताना बाईंनी विचारलंच, कशाला करतेस हे.

"तुमचा हात खाली आला की माझी शेळीही खाली येते, मावशी," ती म्हणाली. "मी उंची तुमच्याकडे बघून धरते. मला कुठे कळतंय जमीन कुठे आहे ते. पहिल्या दिवशी स्वतःसाठीच केलं."

"आणि आता?"

"आता झाली सवय." आणि तिने पडद्याचं आपल्याकडचं टोक बाईंच्या हातात दिलं, ते खांद्याच्या खालीच राहील अशा बेताने.

बाईंनी तिला थांब म्हणायला हवं होतं. त्या थांब म्हणाल्या नाहीत. थकलेल्या माणसाला आधार मिळाला की तो कुणाच्या वाट्याचा आहे हे विचारायचं त्याच्या जिवावर येतं. बाई वाईट नव्हत्या, पण त्या फार थकल्या होत्या, आणि तो हात होता म्हणून आजोबा त्यांचे होते. असे तीन आठवडे गेले.

सातव्या आठवड्यात, खेळ नसलेल्या दिवशी, मास्तरांनी त्यांना कार्यशाळेत बोलावून घेतलं. अस्वलाचं नाक मुलांनी हात लावून लावून पांढरं पडलं होतं, ते मास्तर रंगवत होते. ब्रश न थांबवता ते म्हणाले, की त्या मुलीचा काही भरवसा राहिला नाही. हंगाम संपला की तिला मोकळं करायचं त्यांनी ठरवलं होतं. हंगामानंतर गावोगावचा दौरा होता, आणि कावळा विसरणारं माणूस दौऱ्यावर नेता येत नाही. मग त्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही तिच्या शेजारी उभ्या असता. तुमचं काय मत, बाई?"

बाईंच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण सांगायचं म्हणजे फुलांचा गुच्छ आणि तिकीटखिडकी. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." एवढं बोलून त्या जिना उतरल्या, आणि खालच्या पायरीवर बसल्या. त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की पाच मिनिटं उठवेना. सव्वीस वर्षं खांब म्हणवून घेतलं, आणि आता एका पोरीच्या तळहातावर उभ्या आहोत, आणि वर तिचीच नोकरी घालवतोय.

रविवारी सकाळी वेणी घालून घेताना त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. सगळं सांगितलं, पुलापासून कार्यशाळेपर्यंत. तो पेड मोजत होता.

"म्हणजे काम तिचं जाणार आणि बाहुली तुझ्याकडे राहणार," तो म्हणाला.

बाईंनी मान पुढे घेतली, तसे पेड ताणले गेले.

"वेणी घट्ट झाली का?"

"झाली."

त्याने ती सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.

त्या दिवशी चारचा खेळ भरगच्च होता. पुलाचा प्रवेश सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला हात थरथरला आणि लगेच तो गार तळवा कोपराखाली आला, आता त्याला वाट पाहावी लागत नव्हती. बाईंनी ओठ न हलवता कुजबुजून सांगितलं, हात काढ. हॅलोने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कावळ्याची वेळ जवळ येत होती.

"काढ म्हणते ना. कावळा वर ने."

"बुडतील ते, मावशी."

"बुडू देत."

हॅलोने एकदा बाईंकडे पाहिलं आणि हात काढला.

आजोबा खाली जायला लागले. आधी गुडघे गेले, मग कंबर. बाई दात आवळून होत्या, पण थांबवण्यासारखं त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, कळेचंही आणि लाजेचंही. आजोबांची दाढी फळीला टेकली. पहिल्या रांगेतून आवाज आला, की आजोबा बुडाले. दुसरं एक पोर त्याच्यावर खेकसलं, की बुडाले नाहीत, ते दमलेत.

आणि त्याच क्षणाला, एक श्वास इकडे नाही की तिकडे नाही, कावळा वर आला.

तो डावीकडे म्हणाला, जसं त्याने म्हणायचं होतं. बाईंनी कोपर पडद्यामागच्या आडव्या पट्टीवर टेकवलं आणि आजोबांच्या आवाजात सांगितलं, की शेळे, मी जरा इथेच बसतो. उरलेला खेळ आजोबांनी बसून केला. झोपही बसल्या जागीच सापडली. टाळ्या पडल्या, नेहमीइतक्याच.

मास्तर पडद्यामागे आले. किती वर्षांनी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. येताना ते पाटाला अडखळले. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, आजोबा मांडीवर, आणि उजवा हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा बाजूला लोंबत होता. हॅलो त्यांच्यासमोर पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"तीन आठवडे हिचा हात माझ्या कोपराखाली होता," बाईंनी ते काही विचारायच्या आत सांगितलं. "तुमच्या वहीत जितक्या वेळा कावळा नाही, तितक्या वेळा मला हात नव्हता. ही काही विसरली नाही. आणि मला हे माहीत होतं, तुम्ही मत विचारलंत तेव्हाही."

मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं. "मला समोरून काही दिसलं नाही," ते म्हणाले.

"समोरून दिसू नये म्हणूनच तर."

हॅलोचं जाणं रद्द झालं. आजोबा तिच्याकडे गेले, कारण ती उंची दुसऱ्या कुणाच्या हातात बसलेली नव्हतीच. शेळी अबोल गड्याकडे गेली. कावळा उरला, म्हणून तो नाइलाजाने मास्तरांनी घेतला, आणि सरावात पहिल्याच खेपेला विसरले. त्यावर तो अबोल गडी खोकला.

बाहुली एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा मंडळीत एक रीत आहे. डोक्यातलं बोटाचं भोक आतून कापडाच्या पट्ट्यांनी भरलेलं असतं, ज्याच्या-त्याच्या बोटाच्या मापाने, आणि ते कापड जाणाऱ्याने स्वतः काढायचं असतं. गुरुवारी बाईंनी डाव्या हाताने ते उपसून काढलं. घामाने काळं, दडस झालेलं, आणि बोटाचा आकार तसाच. हॅलोने आत आपलं बोट घातलं तर डोकं गदागदा हललं. मग दोघींनी मिळून नवी पट्टी भरली. हॅलो त्या वेळात चक्क गप्प होती. बाईंनाच शेवटी तिला शेंगदाणे आणलेस का म्हणून विचारावं लागलं.

मास्तरांची कोपऱ्यातली खुर्ची आता रिकामी होती. ती आणि वही दोन्ही त्यांनी बाईंना देऊ केली. बाई म्हणाल्या, वहीचं नंतर बघू, मी आधी नुसतं बघते. शनिवारी त्यांनी तिकीटखिडकीसमोर रांग लावली. आतल्या बाईंनी त्यांना ओळखलं, बांधलेल्या हाताकडेही पाहिलं.

"कडेची देऊ? मध्येच उठता येतं."

"मधली द्या," बाई म्हणाल्या.

सभागृहात शिरल्यावर गळ्यातली झोळी त्यांनी काढून पर्समध्ये ठेवली. सगळीकडे लेकुरवाळी माणसं, खोकणारे आजोबा, बूट काढून बसलेली पोरं. दिवे गेले, पडद्यावर उजेड आला, आणि आजोबा वर आले.

बाईंनी त्यांना खेळ चालू असताना समोरून कधी पाहिलंच नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी पाहिली होती ती मानेमागची शिवण आणि टोपीची मागची कड. आज आजोबांनी मान वळवली, सभागृहभर नजर फिरवली, आणि बाईंना वाटलं ते आपल्याकडेच बघताहेत. त्यांना हा चेहरा माहीत नव्हता. हा इतका भाबडा आहे, इतका दमलेला आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे झोप शोधायला निघाले तेव्हा बाईही इतरांसारख्याच निघाल्या, आणि आपण कुठे बसलोय ते विसरल्या.

पूल आला. मास्तरांचा कावळा चक्क वेळेवर आला. सातव्या मिनिटाला आजोबा खाली यायला लागले, फार नाही, दोनच बोटं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांनी श्वास रोखला, खुर्चीच्या कडेवर सरकल्या, टाचा उंचावल्या. आजोबा अजून एक बोट खाली आले, थबकले, आणि मग हळूहळू, एकट्याने, परत वर चढले.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून कुणीतरी त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावला. पाच-सहा वर्षांची मुलगी होती.

"आजी, हात खाली घ्या ना. मला आजोबा दिसत नाहीत."

बाईंनी वर पाहिलं. त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर ताठ उभा होता, एक बोट सरळ, बरोबर त्या उंचीवर. तो केव्हा गेला ते त्यांना कळलं नव्हतं, आणि कळ पोचली ती आत्ता. त्यांनी डाव्या हाताने तो कोपराखाली धरला, हळूहळू खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

"घेतला गं," त्या म्हणाल्या. "दिसतात का आता?"